पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: बांधतानाच हमिंग टाळणे आणि राहिलेले शोधून काढणे

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक. तो प्रथमच बांधणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एकच तक्रार येते. गाणे वाजते, आवाजही गोड लागतो, पण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून एकसारखी घूं ऐकू येत राहते. जुने रेडिओ मेकॅनिक याला हमिंग म्हणतात आणि त्यावरचा त्यांचा ठरलेला उपाय म्हणजे फिल्टरचा कपॅसिटर बदलणे. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेडिओच्या बाबतीत तो उपाय बहुतेक वेळा लागू पडतो, कारण त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर खरोखरच सुकलेला असतो. नव्याने बांधलेल्या यंत्रात मात्र कपॅसिटर नवेच असतात. तिथे हमिंग येते ते मांडणीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मर कोठे बसवला, ग्राउंडची तार कोणत्या क्रमाने फिरवली आणि हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या विजेच्या, तारा कशाशेजारून नेल्या यांतून. म्हणून या लेखात बांधणी आणि दोषशोध यांची फारकत केलेली नाही. जो बांधतानाच हमिंगचा विचार करतो, त्याला नंतर शोधायला फारसे काही उरत नाही.

आधी जिवाची काळजी

या यंत्रात २५० ते ३५० व्होल्टचा डीसी दाब असतो, आणि मुख्य वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. घरातल्या वितरण पेटीत ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) असला, तरी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसणाऱ्या धक्क्यापासून तो वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू मुख्य विजेपासून अलग असते आणि तिथली गळती आरसीसीबीला दिसतच नाही. त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, थांबावे आणि मल्टिमीटरने प्रत्येक मोठ्या कपॅसिटरवरचा दाब मोजून तो १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी. दाब उतरला नसेल तर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला चांगल्या इन्सुलेशनच्या क्लिपा जोडून केलेल्या साधनाने तो उतरवावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत दुकानांतून दिसत असली तरी ती कपॅसिटरला आणि माणसाला दोघांनाही वाईट. चालू यंत्रात मोजमाप करावेच लागले, तर मीटरची काळी क्लिप आधीच चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, लावून ठेवावी आणि लाल दांडी एकाच हाताने धरावी. दुसरा हात यंत्रापासून दूर असावा, पायात रबरी चप्पल असावी आणि घरात दुसरे कोणीतरी असावे.

प्लग तीन पिनांचाच हवा आणि त्याची मोठी पिन चासीला स्वतंत्र बोल्टने पक्की जोडलेली हवी. हमिंग कमी होते म्हणून अर्थची तार कापून टाकण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण तो कधीही मानू नये. अर्थ सोडल्याने हमिंग जाते तेव्हा दोष दुसरीकडे असतो आणि तो दुसरीकडेच दुरुस्त करता येतो. घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हेही तपासावे. फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. जुन्या इमारतींत हा दुसरा आकडा पुष्कळ मोठा निघतो. तसे असेल तर आधी वायरमनला बोलवावे.

नवशिक्याने जुन्या रेडिओपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या जुन्या एसी-डीसी रेडिओंत चासी थेट मुख्य विजेच्या एका तारेला जोडलेली असते आणि प्लग उलटा बसला तर ती फेजवर येते. अशा रेडिओचा नाद अनुभव आल्यावर करावा.

काय बांधावे

पहिल्या प्रयत्नासाठी सिंगल एंडेड रचनेचा, म्हणजे प्रत्येक चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेला, लहान स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर उत्तम. प्रत्येक चॅनलला स्पीकर चालवणारा एक ईएल८४, दोन्ही चॅनलांना मिळून इनपुटचा सिग्नल वाढवणारा एक ईसीसी८३ आणि एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ईझेड८१. व्हॉल्व्हमध्ये तापलेला कॅथोड आणि प्लेट यांच्यात करंट वाहतो आणि मधली ग्रिड तो कमीजास्त करते. चारही व्हॉल्व्ह नऊ पिनांचे आहेत आणि चारही ६.३ व्होल्टच्या हीटरवर चालतात. ईएल८४ ला २५० व्होल्ट दिल्यास सुमारे ४८ मिलिअ‍ॅम्पिअर प्लेट करंटवर ती ५ वॉटच्या थोडी वर ताकद देते, आणि चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या खोलीला ती भरपूर होते. कॅथोडच्या रेझिस्टरची पुस्तकी किंमत १३५ ओहम आहे, पण त्या किमतीला व्हॉल्व्ह आपल्या १२ वॉटच्या मर्यादेला अगदी टेकतो. १५० ओहम, २ वॉट घातल्यास तो जास्त टिकतो आणि कानाला फरक कळत नाही.

व्हॉल्व्ह आज नवे मिळतात. स्लोव्हाकियाची जेजे ही कंपनी या तिन्ही जातींचे व्हॉल्व्ह बनवते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, त्यांचा जुना माल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाच्या गल्ल्यांत अजूनही कधीमधी सापडतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात बाकीचे सुटे भाग मिळतात. जुना व्हॉल्व्ह घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग पाहावा. तो पांढरट पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि व्हॉल्व्ह निकामी आहे.

ट्रान्सफॉर्मर: अर्धे हमिंग इथेच ठरते

भारतात ट्रान्सफॉर्मर बहुधा वाइंडरकडून, म्हणजे गुंडाळ्या करणाऱ्या कारागिराकडून, करून घ्यावा लागतो, आणि हा एका अर्थी फायदाच आहे, कारण हवे ते मागता येते. पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी प्रायमरी (मुख्य विजेकडची गुंडाळी) २३० आणि २५० व्होल्ट अशा दोन टॅपची, म्हणजे गुंडाळीतून काढलेल्या तारांची, सांगावी. अनेक भागांत रात्री दाब २४५ च्या वर जातो आणि मग हीटरला ६.३ ऐवजी पावणेसात व्होल्ट मिळू लागतात. सेकंडरी २५०-०-२५० व्होल्ट, १५० मिलिअ‍ॅम्पिअर. हीटरसाठी मध्यभागी टॅप असलेली ६.३ व्होल्ट, ४ अ‍ॅम्पिअरची वेगळी वाइंडिंग. चार व्हॉल्व्हचा हीटर करंट प्रत्यक्षात २.८ अ‍ॅम्पिअर भरतो, वरचा वाव मुद्दाम ठेवायचा. याशिवाय प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड घालायला सांगावी आणि गाभा नेहमीपेक्षा जाड घेऊन कमी फ्लक्सवर, साधारण १ टेस्लावर, वाइंडिंग करायला सांगावी. वाइंडर कुरकुर करेल आणि वजन वाढेल म्हणून पैसेही जास्त सांगेल. ते द्यावेत. गाभ्यातली पत्री काटकसरीने वापरलेल्या ट्रान्सफॉर्मरभोवती जे चुंबकीय क्षेत्र सांडते, ते नंतर कोणत्याही कपॅसिटरने आवरत नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५ किलोओहम ते ८ ओहमचा, ६० मिलिअ‍ॅम्पिअर डीसी सहन करणारा हवा. सिंगल एंडेड रचनेत प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, म्हणून पत्रींच्या दोन भागांत कागदाची फट ठेवलेली असावी लागते. वाइंडरने ती ठेवली आहे याची तोंडी खात्री करून घ्यावी, कारण पुश-पुलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीसाठीचा, ट्रान्सफॉर्मर दिसायला सारखाच असतो आणि इथे कामाचा नसतो.

आता जागा. भोके पाडण्यापूर्वी एक सोपी चाचणी करावी. पॉवर ट्रान्सफॉर्मर लाकडी फळीवर ठेवून त्याच्या फक्त प्रायमरीला फ्यूजसह वीज द्यावी. सेकंडरीच्या सर्व तारांची टोके एकमेकांना न लागतील अशी स्लीव्ह घालून, टेपने गुंडाळून ठेवावीत, कारण त्यांच्यावर पूर्ण दाब असतो. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या टोकांना हेडफोन किंवा एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर जोडावा आणि तो ट्रान्सफॉर्मर फळीवर सरकवत, फिरवत राहावा. एका विशिष्ट कोनात घूं जवळजवळ नाहीशी होते. बहुतेक वेळा हा कोन दोन्ही गाभे एकमेकांशी काटकोनात आल्यावर सापडतो, पण नेहमीच नाही, म्हणून कानावर विश्वास ठेवावा. ती जागा पेन्सिलीने आखून मगच चासीला भोके पाडावीत. लोखंडी पत्र्याची चासी असेल तर तिच्यातूनही चुंबकीय क्षेत्र पसरते, म्हणून हीच चाचणी त्या पत्र्यावर ठेवून पुन्हा करावी. अ‍ॅल्युमिनिअमच्या चासीत हा उपद्रव नसतो. फिल्टरचा चोक (लोखंडी गाभ्यावरची एकच गुंडाळी) विसरू नये, तोही क्षेत्र सांडतो आणि त्यालाही हाच नियम लागू आहे.

फिल्टर

ईझेड८१ नंतरचा पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. त्यानंतर १० हेन्रीचा चोक, मग १०० मायक्रोफॅरड. पहिल्या कपॅसिटरवर सुमारे ११० मिलिअ‍ॅम्पिअरच्या भाराला वीसएक व्होल्टची लहर, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, असते. १०० हर्ट्झला चोकचा अडथळा ६,२८० ओहम आणि दुसऱ्या कपॅसिटरचा १६ ओहम असल्याने ती लहर जवळजवळ ४०० पटींनी घटते आणि सुमारे ५० मिलिव्होल्ट उरते. ईसीसी८३ साठी पुढे १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडची आणखी एक पायरी घालावी.

आणि आता त्या लोकप्रिय उपायाबद्दल. हमिंग आले की पहिला कपॅसिटर ४७ चा २२० करण्याचा मोह होतो. ईझेड८१ ची पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, त्यापुढे सुरुवातीचा झटका व्हॉल्व्हला पेलवत नाही. दुसरे असे की कपॅसिटर जितका मोठा, तितका तो कमी वेळात आणि जास्त मोठ्या झटक्यांनी भरला जातो. हे झटके तारांमधून वाहतात आणि मऊ घूंच्या जागी कर्कश बझ सुरू होते. वाढवायचाच असेल तर चोकनंतरचा वाढवावा.

ग्राउंड: तार एकच, पण क्रम महत्त्वाचा

सर्किटच्या आकृतीत ग्राउंडच्या सगळ्या खुणा सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात त्या सारख्या नसतात, कारण प्रत्येक तारेला काही ना काही रोध असतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेच्या १० सेंटिमीटर तुकड्याचा रोध साधारण साडेतीन मिलिओहम भरतो. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपकडे परत जाणारा कपॅसिटर भरण्याचा झटका सहज अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या वर जातो. तो झटका त्या तुकड्यातून गेला की त्याच्या दोन टोकांत सुमारे २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे इनपुटकडे देणारी जोडणी) नसताना ईसीसी८३ सुमारे ५४ पट वाढ देतो आणि त्यामुळे हा अ‍ॅम्प्लिफायर इनपुटला अवघे ८० मिलिव्होल्ट मिळाले की पूर्ण ताकदीला पोचतो. म्हणजे इनपुटचे ग्राउंड आणि ईसीसी८३ च्या कॅथोडचे ग्राउंड त्या तुकड्याच्या दोन वेगळ्या टोकांना असतील, तर स्पीकरवर सुमारे ०.१६ व्होल्टची बझ उभी राहते, आणि ती शेजारच्या खोलीतही ऐकू येते. सगळे सुटे भाग उत्तम आणि सर्व मोजमापे बरोबर असूनही यंत्र बझ का करते, याचे उत्तर बहुधा या एका तुकड्यात असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप चासीला न जोडता थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर आणावा. त्या टोकाला दुसरे काहीही जोडू नये. तिथून एक तार चोकनंतरच्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जाते. त्यावर दोन्ही ईएल८४ चे कॅथोड रेझिस्टर, त्यांचे ग्रिड रेझिस्टर आणि स्पीकरचे ऋण टोक येते. तिथून पुढची तार ईसीसी८३ च्या कपॅसिटरला जाते आणि तिथे त्याचे कॅथोड रेझिस्टर, व्हॉल्यूमचा पॉट आणि सर्वांत शेवटी इनपुटचे जॅक येतात. म्हणजे मोठा करंट मागच्या टोकालाच फिरून परततो आणि नाजूक भागातून जात नाही. ही संपूर्ण साखळी चासीला एकाच ठिकाणी, इनपुटच्या जॅकजवळ जोडावी. आरसीए जॅक चासीपासून अलग ठेवण्यासाठी प्लास्टिकचे वॉशर मिळतात, ते वापरावेत, नाहीतर दोन जॅकमधून दोन नवे जोड तयार होतात. सोळा गेजची उघडी तांब्याची तार टॅग स्ट्रिपवरून, म्हणजे सोल्डर करण्याच्या खुंट्यांच्या पट्टीवरून, ताणून तिच्यावर हा क्रम मांडला तर डोळ्यांनाही तो तपासता येतो.

हीटर

हीटरमध्ये ५० हर्ट्झचा तीन अ‍ॅम्पिअर करंट वाहतो. तारा एकमेकींना घट्ट पिळून, चासीच्या कोपऱ्यात दाबून न्याव्यात आणि सिग्नलच्या तारेला ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. ही तारकामे सर्वांत आधी करावीत, नंतर जागा उरत नाही. ईसीसी८३ ला ६.३ व्होल्टवर चालवताना पिन ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार त्यांना आणि दुसरी पिन ९ ला द्यावी. ईएल८४ आणि ईझेड८१ चा हीटर पिन ४ आणि ५ वर असतो.

मधला टॅप सरळ ग्राउंडला जोडला तरी चालते, पण त्याहून चांगला मार्ग आहे. हीटर आणि कॅथोड यांच्यातून थोडी गळती होतच असते, आणि हीटर कॅथोडपेक्षा तीसेक व्होल्ट वर ठेवला की ती जवळजवळ थांबते. चोकनंतरच्या २५० व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत २२० किलोओहम आणि ३३ किलोओहम, दोन्ही २ वॉटचे, एकामागोमाग जोडावेत. त्यांच्या सांध्यावर सुमारे ३३ व्होल्ट मिळतात. तो सांधा हीटरच्या मधल्या टॅपला जोडावा आणि सांध्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा कपॅसिटर लावावा. वाइंडरने टॅप दिलाच नसेल तर हीटरच्या दोन टोकांपासून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर आणून त्यांचा सांधा टॅप मानावा. या जोडणीचा दुसरा लाभ असा की हेच दोन रेझिस्टर यंत्र बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करतात. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून वर सांगितलेली मीटरची सवय तरीही सोडू नये. हीटरला डीसी देण्याची घाई करू नये. नीट न गाळलेला डीसी ग्राउंडमध्ये नव्या झटक्यांची भर घालतो आणि या रचनेत त्याची गरज क्वचितच पडते.

पहिल्यांदा वीज देताना

दुकानात असतो तसा सिरीज बोर्ड करून घ्यावा, म्हणजे यंत्राच्या वाटेत १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्बने हे काम होत नाही, त्यामुळे जुना बल्ब मिळेल तेव्हा एक जपून ठेवावा. प्रायमरीत १ अ‍ॅम्पिअरचा स्लो फ्यूज घालावा. पहिल्यांदा एकही व्हॉल्व्ह न लावता वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे, आणि तो पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे. मग व्हॉल्व्ह लावून, स्पीकर किंवा ८ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर जोडूनच पुढे जावे. आउटपुटला भार नसताना सिग्नल दिला तर प्रायमरीत उठणारा दाब इन्सुलेशन फोडू शकतो.

बल्ब काढून टाकल्यावर मोजायचे आकडे थोडेच आहेत. ईएल८४ च्या पिन ३ वर, म्हणजे कॅथोडवर, ७ ते ८ व्होल्ट. पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, शून्य. तिथे एखादा व्होल्टही दिसला तर ईसीसी८३ कडून ग्रिडला सिग्नल आणणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतो आहे आणि व्हॉल्व्ह लाल होण्यापूर्वी तो बदलायला हवा. १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर आणि दीड किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर असताना ईसीसी८३ च्या प्लेटवर दीडशेच्या आसपास आणि कॅथोडवर सव्वा व्होल्टच्या जवळपास. हे जुळले की मगच हमिंगचा विचार करावा, कारण चुकीच्या बायसवरचा (ग्रिड आणि कॅथोड यांच्यातल्या चुकीच्या दाबावरचा) व्हॉल्व्ह शोधाला भलत्या दिशेला नेतो.

सूर ओळखणे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. हीटरमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रातून आलेले हमिंग ५० हर्ट्झचे असते. दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय केलेल्या फिल्टरची लहर १०० हर्ट्झची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची असते. पेटी जवळ असेल तर हे ओळखणे सोपे. मंद्रातली पांढरी पाच ९८ हर्ट्झच्या जवळ असते, म्हणजे १०० हर्ट्झची घूं तिच्या किंचित वर लागते. लहान स्पीकर ५० हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाहीत, त्यामुळे तिथे हेडफोन किंवा फोनवरचे स्पेक्ट्रम दाखवणारे अ‍ॅप उपयोगी पडते. एक सावधगिरी मात्र हवी. ईझेड८१ ची एक बाजू मेली किंवा एका प्लेटची तार सुटली, तर फिल्टरची लहरही ५० हर्ट्झची होते, आणि माणूस उगाच हीटरच्या मागे लागतो. त्याच्या दोन प्लेटवरचा, म्हणजे पिन १ आणि पिन ७ वरचा, एसी दाब सारखा आहे का हे आधी पाहावे, आणि शंका राहिलीच तर ईझेड८१ बदलून पाहावा.

कर्कश, खरखरीत बझ असेल तर तिच्यात अनेक वरचे सूर मिसळलेले असतात आणि तिचे मूळ बहुधा ग्राउंडच्या क्रमात किंवा घरातल्या दुसऱ्या उपकरणात असते. घूं स्पीकरमधून न येता ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातूनच येत असेल तर तो यांत्रिक आवाज आहे. त्यासाठी बोल्ट आवळावेत, पत्री सैल असेल तर वाइंडरकडून वार्निश करून घ्यावे आणि खाली रबराचे वॉशर घालावेत.

मागून पुढे जाणे

शोध नेहमी स्पीकरच्या टोकाकडून इनपुटकडे करावा. प्रत्येक वेळी यंत्र बंद करून, थांबून, मगच व्हॉल्व्ह काढावा किंवा लावावा.

प्रथम दोन्ही ईएल८४ आणि ईसीसी८३ काढून फक्त ईझेड८१ ठेवावा. तरीही स्पीकरमध्ये घूं असेल तर ती ट्रान्सफॉर्मरकडून ट्रान्सफॉर्मरकडे हवेतून जात आहे. त्यावर उपाय केवळ जागा बदलण्याचा. या अवस्थेत भार नसल्याने कपॅसिटरवरचा दाब ३५० च्या वर जातो, म्हणून ही चाचणी थोडक्यात आटोपावी.

मग ईएल८४ लावावेत. आता आलेले १०० हर्ट्झचे हमिंग फिल्टरमधून येते. ईएल८४ सारखा पेन्टोड (पाच इलेक्ट्रोडांचा) व्हॉल्व्ह प्लेटच्या दाबावरची लहर बरीच सोसतो, पण स्क्रीन ग्रिडवरची लहर वाढवून पुढे देतो. म्हणून मोठा कपॅसिटर घेण्याआधी पिन ९ ला, म्हणजे स्क्रीन ग्रिडला, स्वतंत्र रेझिस्टर आणि कपॅसिटरची पायरी देऊन पाहावी. ५० हर्ट्झ असेल आणि ईझेड८१ ठीक असेल, तर डाव्या-उजव्या ईएल८४ ची अदलाबदल करावी. हमिंग व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या चॅनलला गेले तर तो व्हॉल्व्ह गळका आहे.

त्यानंतर ईसीसी८३ लावून व्हॉल्यूम शून्यावर ठेवावा. इथेच बहुतेकांचे हमिंग सापडते. कारण हीटर आहे की ग्राउंड, हे ठरवण्यासाठी इमर्जन्सी दिव्यातली ६ व्होल्टची बॅटरी फार कामाची ठरते. ईसीसी८३ च्या हीटरच्या दोन्ही तारा ट्रान्सफॉर्मरपासून सोडवून बॅटरीला जोडाव्यात आणि बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला लावावे. व्हॉल्व्ह फक्त ०.३ अ‍ॅम्पिअर घेतो, त्यामुळे छोटी बॅटरीही पुरते. हमिंग गेले तर हीटरच्या तारांची वाट बदलावी. तसेच राहिले तर ग्राउंडची साखळी वरच्या क्रमाशी ताडून पाहावी. लाकडी काडीने तारा हळूच हलवल्या असता कोणती तार दोषी आहे तेही कळते.

शेवटी आरसीए प्लगमध्ये मधली पिन आणि बाहेरचे कडे जोडून तो इनपुटला लावावा आणि व्हॉल्यूम फिरवावा. मधोमध हमिंग वाढून शेवटाला पुन्हा कमी झाले, तर पॉटपासून ग्रिडपर्यंतची तार उघडी पडली आहे. ती शील्डेड घेऊन शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करावी, आणि पॉटचे धातूचे कवच चासीला टेकले आहे ना ते पाहावे.

घरातून येणारे आवाज

इनपुट शॉर्ट असताना यंत्र शांत आणि संगणक किंवा सेट-टॉप बॉक्स जोडताच घूं, असे झाले तर तो ग्राउंड लूप आहे. दोन उपकरणांचे अर्थ दोन वाटांनी घरात पोचतात, केबल टीव्हीची तार तर इमारतीच्या गच्चीवरून येते, आणि त्यांच्यातला फरकाचा करंट आरसीए केबलच्या शील्डमधून वाहू लागतो. प्रथम दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहावीत, मग टीव्ही केबल काढून पाहावी. संगणकासाठी ऑप्टिकल केबलचा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारे उपकरण) घेतला तर विजेचा जोडच उरत नाही. यंत्राच्या आत उपाय करायचा तर ग्राउंडची साखळी आणि चासी यांच्यातल्या त्या एकाच जोडाच्या जागी १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ अ‍ॅम्पिअरचा ब्रिज रेक्टिफायर लावावा. ब्रिजची धन आणि ऋण टोके एकमेकांना जोडून दोन एसी टोके वापरायची असतात. लहान लूप करंट रेझिस्टर अडवतो, आणि काही बिघाड होऊन मोठा करंट आला तर तो ब्रिजमधून अर्थकडे जातो. चासीला येणारी अर्थची तार मात्र जशीच्या तशी राहते.

ठरावीक वेळीच येणारी बझ बहुधा घरातल्याच एखाद्या उपकरणाची असते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना सर्वांत जास्त त्रास देतो. पंखा पूर्ण वेगाला लावताच बझ गेली तर यंत्राला हात लावण्याची गरज नाही. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा अ‍ॅम्प्लिफायर चालवू नये. त्याची बझ ग्राउंड सुधारून जात नाही आणि ट्रान्सफॉर्मरही तापतो.

किती शांत म्हणजे पुरे

स्पीकरच्या टोकांवर, इनपुट शॉर्ट असताना, एसी मिलिव्होल्ट मोजावेत. ९० डेसिबलच्या स्पीकरवर १ मिलिव्होल्ट म्हणजे एक मीटरवर सुमारे २१ डेसिबल, आणि कान इतक्या खालच्या सुरांना तसाही मंद असल्याने तो आवाज कोणत्याही घरात ऐकू येत नाही. ५ मिलिव्होल्टला रात्री स्पीकरजवळ गेल्यास घूं जाणवते. १ ते २ च्या दरम्यान आलात तर थांबावे. हॉर्नचे, १०० डेसिबलच्या पुढचे स्पीकर असणाऱ्यांना मात्र आणखी खाली जावे लागते.

ते शेवटचे काही मिलिव्होल्ट कमी करण्यासाठी फीडबॅक आहे, पण तो सर्व शोध संपल्यानंतरच जोडावा. आधी जोडला तर तो दोष झाकतो आणि शोधताना प्रत्येक बदलाचा परिणाम पुसट होतो. ईसीसी८३ च्या कॅथोड रेझिस्टरच्या खाली १०० ओहम घालून त्या सांध्यावर स्पीकरच्या धन टोकाकडून काही किलोओहमचा रेझिस्टर आणावा आणि आवाज साधारण निम्म्यावर येईल इतकी त्याची किंमत ठेवावी. जोडताक्षणी यंत्र किंचाळू लागले तर लगेच बंद करावे आणि कपॅसिटर रिकामे झाल्यावर त्या चॅनलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारांची अदलाबदल करावी.